हरलेल्याची मिरवणूक

बाबांचं एक ठाम मत होतं आणि ते आम्हाला रोज संध्याकाळी ऐकावं लागायचं. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झाल्यापासून त्यांना मोबाइलवर युरोपातल्या सायकल शर्यती बघायचा नाद लागला होता. मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवायचा, चष्मा नाकावर ओढायचा आणि डोंगर चढणारे ते गोरे गडी बघत बसायचं. मधूनच बोट पडद्यावर ठेवून म्हणायचे, "बघ, ह्याच्या कपड्यावर कुणाचं नाव हाय? बँकेचं. त्याच्या? फरशीवाल्याचं. मालकासाठी पळतेत म्हणून सुया टोचून घेतेत. ह्याच पोरांना आपापल्या देशाचे कपडे घालून पळवा. एकानं जरी सुई घेतली तर मी मिशी उतरवतो."

"मिशी आहे कुठं तुम्हाला," मी म्हणायचे.

मी तोंडाची फटकळ, हे सासरी-माहेरी सगळ्यांना ठाऊक आहे. बाबांना माझ्या बोलण्याचा राग यायचा नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. नोकरी करणारा माणूस मालकासाठी काहीही करतो, पण आपल्या माणसांसाठी खेळणाऱ्याला लाज असते. ड्रायव्हरकीत जन्म गेला त्यांचा, मालक आणि नोकर यातलं त्यांना कळत होतं. आणि हे मत काही हवेतून आलेलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ सायकल शर्यतीत पळायचा.

आमचं गाव रेणापूरच्या पुढे, ओढ्याच्या दोन अंगांना वसलेलं. अलीकडे आमची बौद्ध वस्ती, पलीकडे गाव. भाऊ कॉलेजला सायकलवर जायचा आणि एसटीच्या आधी पोचायचा, इतकीच सुरुवात. आमच्याकडे जत्रेत कुस्त्यांच्या आधी सायकलच्या शर्यती होतात, एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसालाही होतात. तो एकेक शर्यत मारत गेला आणि नांदेडच्या एका ट्रॅक्टरवाल्या मालकाच्या नजरेत भरला. त्या मालकाने गोदामाच्या मागे खोल्या काढून पोरं ठेवली होती. खाणं त्याचं, सायकली त्याच्या, छातीवर नाव त्याचं. हदगावपासून पार बीदरपर्यंत जिथे शर्यत असेल तिथे जीपमध्ये घालून न्यायचा.

तिथे एक माणूस यायचा, पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात कंपाउंडर होता म्हणे. बर्फाच्या थर्मासमधून इंजेक्शनं आणायचा. किडनीच्या पेशंटला रक्त वाढायला देतात ती. पोरं त्याला 'ताकदीचं' म्हणायची. भावापुढेही थर्मास आला. भाऊ नको म्हणाला. मालकाने आधी लाडाने सांगितलं, मग शिव्या घातल्या, मग म्हणाला की घ्यायचं नसेल तर सायकल ठेव आणि चालू लाग. भावाने खरंच सायकल भिंतीला लावली, पिशवी उचलली आणि दुपारच्या लातूर गाडीत बसून घरी आला.

त्या दिवशी त्याने हे सगळं आम्हाला मालकाच्या आवाजाची नक्कल करत सांगितलं. माय हसून हसून बेजार झाली. मला मात्र त्याचा अभिमान वाटला. "बरं केलंस," मी म्हणाले. "त्याच्या ट्रॅक्टरला टोचून घे म्हणावं सुई."

बाबा म्हणाले, "आता कुणाच्या दारात जायचं न्हाई. राज्याकडून खेळ. तिथं मालक नसतो."

सायकल बाबांनी घेऊन दिली. भाऊ दीड-दोन वर्षं लातूर रोडवर एकटा पळत राहिला, निवड चाचणीला गेला आणि राज्याच्या संघात लागला. राज्याचं नाव लिहिलेली जर्सी घरी आली तेव्हा मायने हात धुऊन, पदराला पुसून मग ती हातात घेतली.

पुढचं सांगायचं तर आमच्या गावचं थोडं सांगावं लागेल. जयंतीची मिरवणूक ओढा ओलांडून वेशीतून न्यायची की नाही, यावरून आमच्याकडे किती वर्षं भांडण होतं. पोलीस यायचे, बैठक व्हायची आणि मिरवणूक ओढ्यापासून परत फिरायची. कुणी कुणाच्या अंगावर जात नव्हतं. रामराम, जयभीम सगळं चालायचं, पण ओढा होता. आणि त्याच गावच्या सरपंचाने वेशीतल्या मारुतीसमोर भावाचा फ्लेक्स लावला. राज्याच्या जर्सीतला भाऊ, डोक्यापेक्षा मोठं हेल्मेट, 'गावाची शान' अशी अक्षरं आणि खाली शुभेच्छुकांचे फोटो. त्यात गावातली पोरं होती आणि वस्तीतलीही, एकाच ओळीत. बाबा त्या फ्लेक्सखाली कितीतरी वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, फोटो काढ. मी काढला. त्यात बाबांचे डोळे मिटलेले आले आहेत, पण तोच फोटो त्यांनी ठेवला.

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही विहारात जमलो. मायने जर्सी बुद्धमूर्तीपुढे ठेवली. पंचशील झालं. पाचव्या शीलाला, नशेपासून दूर राहण्याच्या, बाबांनी मान वळवून भावाकडे पाहिलं आणि भाऊ हसला. नंतर गावातली माणसं येऊन त्याला वेशीत घेऊन गेली आणि त्याच्या नावाने मारुतीपुढे नारळ फोडला. तो दोन्हीकडे सारखाच उभा राहिला, हात जोडून.

शर्यत परराज्यात होती. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी त्याचा फोन आला.

"अक्का, लई मागं राहिलो गं."

"किती मागं?"

"सांगण्यासारखं न्हाई."

आवाज दमलेला होता, पण रडका नव्हता. मी म्हटलं, राहू दे, पहिलीच वेळ आहे. तो आवाज बारीक करून म्हणाला, "आपल्याच संघातले दोघं-तिघं डबे घेऊन आलेत, अक्का. बर्फाचे."

"राज्याच्या पोरांनी?"

"हाव. मी न्हाई घेतलं."

मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, आधी कुठल्या तरी मालकाकडं असतील ती पोरं, तिथली सवय. त्यांच्या मताला कुठून धक्का लागतच नव्हता.

आता इकडे गावाने काय केलं होतं ते बघा. आमच्या लोकांना निकालाची वाट बघायची सवय नाही. भाऊ जिंकणारच असं धरून मिरवणूक ठरली होती. उघडी जीप सांगितली होती, हलगीवाले सांगितले होते, गुलालाची पोती सरपंचाच्या ओसरीवर येऊन पडली होती. निकाल कळल्यावर मी सरपंचाला फोन करून म्हटलं, आता हे रद्द करा, पोरगं लाजेल. तो बिचारा मनापासून म्हणाला, "ताई, हरलं म्हणून काय टाकून द्यायचं का लेकराला? आपलं हाय ते. मिरवणूक निघणार."

यात कुणाचं काही वाईट नव्हतं. तेच तर अवघड आहे. कुणी टोमणा मारला असता तर मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं असतं. प्रेमाला काय ऐकवणार.

भाऊ एसटीतून उतरला तर समोर जीप उभी. त्याला वाटलं कुणा पुढाऱ्याची असेल. लोकांनी उचलून त्यालाच वर चढवलं. हलगी सुरू झाली. आणि मिरवणूक आमच्या वस्तीतून निघाली, ओढा ओलांडला आणि वेशीतून आत गेली. कुणी अडवलं नाही, कुणी बैठक घेतली नाही. मी जीपच्या मागे चालत होते. गल्लीतली बायामाणसं ओट्यावर आली. ज्या घराच्या ओट्यावर माझ्या मायने कधी पाय ठेवला नव्हता, त्या घरची म्हातारी ताट घेऊन खाली उतरली आणि तिने माझ्या भावाला ओवाळलं. माय रडत होती, बाबा रडत होते, मीही रडले, खोटं कशाला सांगू. वर उभा असलेला भाऊ तेवढा रडत नव्हता. गुलालाने तोंड भरलेलं, आणि तो जीपच्या टपाच्या दांडीकडे बघत होता. कुणी 'हात हलव' म्हटलं की हात हलवायचा.

घरी आल्यावर तो तसाच झोपला. उशीला गुलाल लागला म्हणून माय पुढे आठवडाभर कुरकुरत होती.

नंतर तो सरावासाठी माझ्याकडे लातूरला राहायला आला. मी एका कॉलेजात क्लार्क आहे, माझं घर दोन खोल्यांचं. तो पहाटे औसा रोडला निघायचा आणि मी डबा करायच्या आत परत यायचा. जेवण नीट, बोलणं कमी. मला वाटायचं, वय वाढलं, गंभीर झाला. एकदा कढीपत्ता काढायला मी फ्रिजचा खालचा कप्पा ओढला, तर मागे स्टीलचा डबा. मायने खवा दिला असेल म्हणून उघडला. आत कापसात गुंडाळलेल्या बारक्या बाटल्या.

तो आंघोळीहून आला तेव्हा मी डबा ओट्यावर उघडा ठेवला होता.

"हे काय आहे?"

"तुला कळलंय की."

"नांदेडच्या त्या कंपाउंडरकडून?"

"मीच गेलतो त्याच्याकडं."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बापाचं नाव काढलं, मायचं काढलं, विहारातलं ते पाचवं शील काढलं. बाटल्या एकेक करून मोरीत फोडल्या. तो दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिला. मला थांबवलंही नाही.

"त्या मालकाला तोंडावर नको म्हणालास," मी म्हटलं. "तेव्हा तुझी अक्कल जागेवर होती. आता तर मालक बी नाही. राज्याकडून खेळतोस. आता कोण जबरदस्ती करतंय तुझ्यावर?"

"कुणीच न्हाई," तो म्हणाला. मग वाकून मोरीतल्या काचा वेचत म्हणाला, "अक्का, मालकाला सायकल परत देता आली. ती मिरवणूक कुणाला परत देऊ?"

मला राग आवरत नव्हता म्हणून मी म्हणाले, "कुणी मागितली आहे परत?" तो म्हणाला, "कुणीच न्हाई मागत. तीच तर भानगड हाय. परत गावात बिनपदकाचा गेलो तरी ओवाळतील. त्या म्हातारीला किती वेळा खाली उतरवू?"

मी त्याच दिवशी बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला सगळं परत सांगायला लावलं. मग म्हणाले, "उगं काहीतरी बोलून राहिलीस. मालकाकडं असताना घेतलं न्हाई, आता राज्याचे कपडे घातल्यावर काहून घेईल?" मी म्हटलं, बाबा, मी माझ्या हाताने बाटल्या फोडल्या. ते म्हणाले, विटामिनच्या असतील, आणि फोन ठेवला. भावाने मायची शपथ घेऊन मला सांगितलं की परत आणणार नाही. पुढे तो डबा माझ्या फ्रिजमध्ये दिसला नाही. लातुरात फ्रिज काय माझ्या एकटीचा आहे?

त्या वर्षी त्याला पदक मिळालं. तपासणीवाल्यांनी लघवी घेतली होती, त्यात काही सापडलं नाही. याही वेळी जीप होती, हलगी होती, आणि आता भाऊ हात हलवत होता. म्हातारी ओट्यावरून उतरली तेव्हा तो जीपमधून खाली उतरून तिच्या पाया पडला. मारुतीसमोर बाबांना माइक दिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी वेशीत उभं राहून भाषण केलं. म्हणाले, जो मालकासाठी पळतो तो सुई घेतो आणि जो आपल्या माणसांसाठी पळतो त्याला माणसांचंच बळ पुरतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी भावाकडे बघितलं. तो माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होता.

मग देशाच्या सराव शिबिरात नाव आलं. नवा फ्लेक्स लागला, पहिल्यापेक्षा मोठा, मागे तिरंगा. बाबांना तर आकाश ठेंगणं झालं. ते रोज वेशीत जाऊन बसायला लागले. त्यांच्यासाठी ओट्यावर जागा व्हायची, चहा यायचा, तोही बाकीच्यांसारख्याच कपातून.

शिबिराला निघायच्या आधी तो माझ्याकडे होता. सकाळी गॅलरीत चाकात हवा भरत होता. पंप खाली पडल्याचा आवाज आला. मी म्हटलं, काय पाडलंस रे. उत्तर नाही. बाहेर गेले तर तो पंप उचलायला हात पुढे करत होता आणि हात पंपाच्या बाजूने नुसताच जात होता. माझ्याकडे वळला तेव्हा तोंड एका अंगाला ओढलं गेलेलं. मला "अक्का" म्हणायचा प्रयत्न केला, ते काही भलतंच बाहेर आलं.

दवाखान्यात डॉक्टर आधी त्याचं वय विचारत राहिले, आम्ही चुकीचं सांगतोय असं वाटून. मग रक्त तपासून आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, रक्त फार दाट झालंय, मेंदूत गाठ अडकली आहे, हा काय घेत होता? मी सांगितलं. बाबा शेजारी उभे होते. त्यांनी ऐकलं. बाकावर बसले आणि पायातली चप्पल काढून पुन्हा घातली, पुन्हा काढली.

अंगावरून वारं गेलं ते गेलंच. उजवा हात आणि उजवा पाय. संघाबरोबर असणाऱ्या साहेबांना मी फोन लावत राहिले, एकदा उचलून ते म्हणाले की खेळाडू घरी काय करतो त्याला आम्ही जबाबदार नाही. सरपंच मात्र शहाळी घेऊन आला, भावाच्या पायाला हात लावून बसला, डोळे पुसले. जाताना मला दारात हळूच विचारलं, "ताई, पेपरात गावाचं नाव येणार न्हाई ना?"

मला त्याचा राग आला नाही. मला सगळ्यांत जास्त राग त्या मिरवणुकीचा आला होता आणि तिला मी शिव्या देऊ शकत नव्हते, कारण तिच्यामागे मीही रडत चालले होते. बाबांचं मत मी रात्रंदिवस मनात घोळवत होते. मालक काढून टाका म्हणजे सुई जाईल. आमच्या घरी तर उलटं झालं. मालकाला माझा भाऊ नको म्हणाला, कारण मालक त्याचा कुणी लागत नव्हता. आम्हाला तो नको म्हणू शकला नाही. आता सगळ्या जगातल्या पोरांना देशाचे कपडे घातले, तर त्यांच्या वेशीतली म्हातारी केवढी असेल?

आम्ही त्याला गावी आणलं. कुणी वाईट बोललं नाही. बोलणंच कमी झालं. फ्लेक्स कधी उतरवला ते आम्हाला कळलं नाही. बाबा वेशीत जायचं थांबले. संध्याकाळी मोबाइल चार्जिंगला लावून ठेवायचे, तांब्याला टेकवत नव्हते.

सोयाबीनच्या राशी पडल्या त्या दिवसांतली गोष्ट. मी सुट्टीला गावी होते. दुपारी आभाळ भरून आलं, वारं सुटलं. भाऊ दारात खुर्चीवर बसला होता. आमच्या घरासमोर, ओढ्याच्या पलीकडच्या काठाला, गावातल्या एकाची सोयाबीनची रास झाकून ठेवलेली होती. आमच्याकडे जुने फ्लेक्स राशीवरच घालतात, पाणी आत जात नाही. वाऱ्याने त्याचं एक टोक उचललं आणि फ्लेक्स अर्धा उलटा झाला. तिरंगा दिसला, मग हेल्मेट, मग भावाचा चेहरा.

बाबा पायात काही न घालता धावले. मी त्यांच्यामागे. ओढ्याला घोटाभर पाणी होतं, त्यातूनच गेलो. बाबांनी फ्लेक्सचं टोक धरलं आणि ओढायला लागले. त्यांना तो तिथून काढून घरी न्यायचा होता, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. राशीचा मालक आसपास कुठं नव्हता. पावसाचे थेंब सोयाबीनवर पडायला लागले.

मागून भावाचा आवाज आला. आता त्याचं बोलणं घरच्यांनाच कळतं, तेही लक्ष दिलं तर.

"बाबा, भिजंल ते. पालथं घाला."

बाबा थांबले. ओढ्याच्या पलीकडच्या काठावरून त्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो डावा हात हलवून दाखवत होता, खाली, खाली.

बाबांनी फ्लेक्स पालथा घातला. वाकून दगड शोधले, टोकाटोकावर ठेवले, एक चेहऱ्याच्या जागी मधोमध ठेवला. वारं अजून होतं, म्हणून दुसरं टोक मी पायाखाली धरून उभी राहिले.